आठ नाकांचा निकाल

चौथ्या दिवशीही दुपारी गॅसचा डिटेक्टर कोकलला. मार्लिसने हातातलं लाटणं टाकलं, दार उघडलं, कुत्र्याला बाहेर ढकललं आणि पळत जाऊन गॅसच्या टाकीचा कॉक बंद केला. नवरा सगळ्यात शेवटी बाहेर आला, तोही हातातलं शब्दकोडं न सोडता.

"परत?" एल्डन म्हणाला.

"परत. आणि मला वास येतोय. सडक्या अंड्यांचा."

एल्डनने दारातून डोकं आत घातलं आणि ऐटीत एक लांब श्वास ओढला. "काही नाही. तुझं आपलं काहीतरीच!"

नॉर्थ डकोटाची थंडी चुकवायला हे जोडपं दर नोव्हेंबरात घराला कुलूप लावायचं आणि पिकअपमागे सव्वीस फुटी ट्रेलर ओढत ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या या ट्रेलरांच्या पार्कात येऊन एप्रिलपर्यंत ठाण मांडायचं. ट्रेलर म्हणजे चाकांवरचं घरच. पलंग होता, शेगडी होती, न्हाणीघर होतं आणि भिंतीत अगदी जमिनीलगत बसवलेला तळहाताएवढा पांढरा डबा होता. गॅस गळला की ओरडायचं, एवढंच त्या डब्याचं काम. ते तो इमानेइतबारे करत होता आणि म्हणूनच कुणाला आवडत नव्हता.

मार्लिसने गावातल्या दुरुस्तीवाल्याला फोन केला तर त्याने नऊ दिवसांनंतरची तारीख दिली. पण या पार्कात दुरुस्तीवाला हवाय कुणाला? इथे रोज दुपारी चार वाजता सगळे आपापली घडीची खुर्ची आणि आपापला ग्लास घेऊन बाभळीखाली रिंगण करून बसतात, आणि जगातल्या सगळ्या बिघाडांचा निकाल तिथे लागतो. कुणी नवखा ट्रेलर मागे घेताना दिसला की आठ म्हातारे उठतात आणि हात हलवून आठ दिशा दाखवतात. मग ट्रेलर खांबावर आदळतो आणि आठही जण म्हणतात, "मी सांगत होतो."

या रिंगणाचा म्होरक्या वेंडल, निवृत्त मुख्याध्यापक. बोलायला लागला की अजून वर्ग भरल्यासारखं वाटायचं. त्याचा उजवा हात हार्लन. हार्लनची बत्तीस वर्षं अग्निशमन दलात गेली होती, त्यामुळे आगीबद्दल त्याच्यापुढे तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती.

पहिल्या दिवशी हार्लनने फक्त एक प्रश्न विचारला होता. "कुत्रा काय खातो?"

"परवा थोडा राजमा खाल्ला होता," एल्डन म्हणाला.

"मग झालं तर! कुत्रा जमिनीलगत, डबा जमिनीलगत. डब्याची काय चूक?"

सगळे खो खो हसले. बिचारा चेस्टर, तेरा वर्षांचा, गुडघे दुखणारा कुत्रा, त्या दिवसापासून बाहेर कापडी छपराखाली झोपू लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी. पण संन्यासी बाहेर गेला तरी डबा ओरडायचा थांबेना. मार्लिसने एक गोष्ट हेरली होती. दुपारी वाळू उडायला लागली की सगळ्या खिडक्या लावाव्या लागत, आणि खिडक्या लावल्या की तासाभरात बोंब सुरू. तिने हे रिंगणात सांगितलं. वेंडलने ते ऐकून मान डोलावली आणि दुसऱ्याला बोलायला सांगितलं.

आज मात्र प्रकरण हातघाईवर आलं. पार्कातल्या लोकांच्या वामकुक्षीचा सवाल होता. वेंडलने जागेवर जाऊन पाहणी करायचं ठरवलं. एल्डन धरून आठ म्हातारे ओळीने पायऱ्या चढले, पायपुसण्याला बूट पुसले, एकेकाने शेगडीपाशी वाकून हुंगलं आणि गंभीर चेहऱ्याने खाली उतरले. लग्नातलं जेवण चाखायला आल्यासारखा थाट होता नुसता.

"गॅसचा वास आला त्यांनी हात वर करा," वेंडल म्हणाला.

एकट्या मार्लिसचा हात वर झाला.

"आठ विरुद्ध एक. मार्लिस, वाईट वाटून घेऊ नकोस हं. पण बहुमत ते बहुमत."

"अरे, गॅसला बहुमत कळतं का?"

"तुझ्या फ्रिजमध्ये कोबी असेल जुना," हार्लन म्हणाला. "बत्तीस वर्षं धूर खाल्लाय या नाकाने, बाई. गॅस असता तर पार्काच्या फाटकाशीच ओळखला असता. डबा बिघडलाय. उद्या चारला पक्कड घेऊन येतो आणि वायरच तोडून टाकतो."

"तोडून टाक बाबा," एल्डन म्हणाला. "कान किटले."

खिडक्या बंद, डबा मुका आणि आत आपण दोघं. सत्तेचाळीस वर्षांचा संसार या आठ नाकांच्या भरवशावर सोडायचा? तिला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त संताप येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एल्डन पिकलबॉल खेळायला गेल्यावर तिने खण उपसून डिटेक्टरची माहितीपुस्तिका शोधली. ती अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद होती. त्या पार्कातल्या एकाही पुरुषाने आयुष्यात माहितीपुस्तिका वाचलेली नव्हती. ते त्यांना कमीपणाचं वाटे. मार्लिसने चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचली. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की वासावर विसंबू नका, वयोमानाने नाक मंदावतं आणि माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. सातव्या पानावर साबणाच्या पाण्याने गळती शोधायची रीत होती.

तिने सगळ्या खिडक्या उघडल्या, वाटीत भांड्याचा साबण फेसला, टाकीचा कॉक उघडला आणि जुन्या रंगाच्या ब्रशने एकेका जोडावर फेस लावत गेली. शेगडीमागच्या पितळी नटावर फेस लागला आणि एक फुगा हळूच वर आला. मग दुसरा. मग तिसरा. मार्लिस जमिनीवर बसून खुदकन हसली. आपण वेड्या नाही, याचा एवढा आनंद तिला कधी झाला नव्हता. तिने कॉक बंद केला आणि हात पुसता पुसता एकदम थबकली. तिसरं पान. मागच्या आठवड्यात एल्डनच्या हाताशी टोस्टचा कोळसा झाला होता, धूर निघत होता आणि तो शब्दकोडं सोडवत बसला होता. तेव्हा तिला वाटलं होतं, रमलाय.

चार वाजता हार्लन पक्कड घेऊन आला. मागे सगळं रिंगण, आज बायकांसकट.

"पक्कड ठेव आणि नट आवळायचे पाने आण दोन," मार्लिस म्हणाली, आणि तिने कॉक पुन्हा उघडून सगळ्यांना फुगे दाखवले.

मग हार्लनने घसा खाकरला. "रस्त्याचे धक्के. नट ढिले होतात. मी म्हणतच होतो."

त्याने नट आवळला, आणि चांगला आवळला. पुन्हा फेस लावला तर एकही फुगा आला नाही. वेंडलने टाळ्या वाजवल्या. "बघा! सगळ्यांनी मिळून शोधून काढलं."

"चला, आता हा डबाही काढून टाक," एल्डन हार्लनला म्हणाला. "गळती थांबली. आता त्याचं काम काय?"

"कालचा ठराव आहेच," वेंडल म्हणाला.

मार्लिस डब्याच्या आणि पकडीच्या मधे उभी राहिली. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेली बरणी होती, झाकणाला भोकं पाडलेली.

"खुशाल तोडा. पण आधी डोळे मिटून सांगा, यात काय आहे. आठांपैकी चौघांनी ओळखलं तरी वायर मी स्वतः तोडते."

बाहेर खुर्च्यांवर बसून एकेकाने डोळे मिटले. वेंडल म्हणाला, "व्हॅनिला." हार्लनने बराच वेळ घेतला आणि ठासून सांगितलं, "टर्पेंटाइन." कुणी साबण म्हणालं, कुणी घोड्याचा तबेला. एकजण म्हणाला, "बरणी रिकामी आहे, तू फसवतेयस." एकानेच बरोबर ओळखलं, आणि त्याचीच बायको सगळ्यात जास्त चकित झाली. बाकीच्या बायका मात्र आपापल्या नवऱ्याकडे टक लावून बघत होत्या, आणि ते बघणं काही प्रेमळ नव्हतं.

शेवटी एल्डन उरला. त्याने बरणी नाकाशी धरली. डोळे मिटायच्या ऐवजी तो मार्लिसकडे बघत राहिला.

"मला कसलाच वास येत नाही, मार्लिस," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली."

"आणि बोलला नाहीस?"

"काय बोलू? नाक गेलं म्हटलं की पोरगा म्हणणार, बाबा, आता डोळे तपासा. मग म्हणणार, गाडीची किल्ली द्या. मग ट्रेलर विकणार आणि आपल्याला त्या वृद्धाश्रमात नेऊन बसवणार, खिडकीतून बर्फ मोजत." हार्लनने पक्कड खिशात घातली आणि तो आपल्या बुटांकडे बघू लागला.

मार्लिसला खरं तर त्याला फाडून खायचं होतं. दोघं मेलो असतो, हे शब्द जिभेवर आले होते. पण तोंडून निघालं भलतंच. "मग नाताळात दालचिनीचे रोल केले तेव्हा म्हणालास, वास पार रस्त्यापर्यंत येतोय म्हणून?"

"खिडकीतून तुला दालचिनी भुरभुरवताना पाहिलं होतं."

ती त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली. बरणीचं झाकण काढून तिने ती त्याच्या पुढ्यात धरली. "कॉफी आहे. सकाळीच दळलीय."

एल्डनने आता डोळे मिटले आणि पुन्हा एकदा, अगदी मनापासून हुंगलं.

"चांगली आहे का?" त्याने विचारलं.

"चांगली आहे," मार्लिस म्हणाली.