चार मिलिमीटर डावीकडे

प्रणोतीची हातोडी नापास झाली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आणि सांगून झालंच आहे, तर आता असं धरून चालू या की असं काही झालंच नाही. प्रणोती तसंच धरून चालते, आणि हातोडी तिच्या हातात आहे.

तर, प्रणोती. वय बावीस, मुक्काम खमरियाच्या कारखान्याचं क्वार्टर. तिचे बाबा रत्नाकरराव त्याच कारखान्यात इन्स्पेक्टर. एकतीस वर्षं माल मोजायचा आणि पास किंवा नापास करायचा, एवढंच काम. घरी आल्यावरही हात थांबत नसत. संक्रांतीचा जो लाडू मापात बसला नाही तो वेगळ्या डब्यात जाई. तो डबा आई, म्हणजे सुहासिनीबाई, शेजारी वाटत आणि शेजारणी म्हणत, "वहिनी, नापासवालेच जास्त चांगले लागतात."

रिछाईत योगेंद्रजी विश्वकर्मांची भट्टी आहे. प्रणोती तीन महिने तिथे जात होती आणि घरी अगदी खरं सांगत होती, "लोहारकाम शिकून राहिली मी." बाबांना तो विनोद वाटला. विनोद नाही हे कळल्यावर तह झाला. तिने एकटीने खिळे उपटायची हातोडी घडवायची, पुढे तोंड, मागे दोन शिंगं. बाबा तपासणार. पास, तर भट्टी चालू. नापास, तर सोमवारपासून ओमतीतला बँक परीक्षेचा क्लास.

ड्रॉइंग बाबांनी स्वतः काढून दिलं. तीन बाजूंनी, खाली सही. योगेंद्रजींनी ते उलटं धरून नीट पाहिलं आणि परत दिलं. "बिटिया, लोहा पढ़ा-लिखा नहीं है."

ट्रकच्या जुन्या ॲक्सलचा तुकडा भट्टीत नारिंगी झाला. आधी दांड्याचं भोक. एका बाजूने भोक पाडायचा सुंबा अर्ध्यापर्यंत ठोकायचा, तुकडा उलटायचा, दुसऱ्या बाजूने ठोकायचा. दोन्ही भोकं आत भेटली पाहिजेत. लोखंड नारिंगी असतं त्या अर्ध्या मिनिटात काय ते उरकायचं. दुसरा कुणी नवशिका असता तर घाबरून त्याचा घाव चुकला असता. ही इन्स्पेक्टरची मुलगी. पहिली बाजू झाली, तुकडा उलटला, आणि तिने हातातलं खाली ठेवून खिशातून बाबांचा व्हर्नियर काढला. धगधगतं लोखंड मोजायला बसली.

"का कर रही हो?" योगेंद्रजी ओरडले.

"नाप ले रही हूँ, भैया."

"बुखार है क्या उसको? मारो!"

दशांशापर्यंत माप निघालं तोवर लोखंड काळं पडलं होतं. सुंबा घसरला आणि भोक चार मिलिमीटर डावीकडे गेलं. शिवाय तापलेलं लोखंड फुगलेलं असतं. निवल्यावर आक्रसलं आणि हातोडी दीड मिलिमीटर आखूड भरली. व्हर्नियरचं काय झालं ते विचारू नका.

"दूसरा टुकड़ा ले लो," योगेंद्रजी म्हणाले.

"नहीं. यही."

मग तिने छिन्नीने मागचं टोक चिरलं, शिंगं वाकवली, तोंड परत तापवून तेलात बुडवलं. तेल भडकून तिच्या भुवया थोड्या गेल्या, पण दांडा बसला.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर तपासणी झाली. बाबांनी दुसरा व्हर्नियर काढला. त्यांच्याकडे नेहमी दुसरा असतो.

"लांबी कमी. भोक चार मिलिमीटर डावीकडे. नापास."

कारखान्यात नापास मालाला लाल रंग लावतात. घरात रंग नव्हता, म्हणून बाबांनी प्रणोतीचीच नेलपॉलिश आणून हातोडीला टिकली लावली.

"पण खिळा ठोकते ना ती, बाबा!"

"ठोकते म्हणून काहून पास करू? खिळ्याला काय विचारतेस, ड्रॉइंगला विचार."

प्रणोती उठली. भिंतीवर बाबांचं 'उत्कृष्ट निरीक्षक' प्रमाणपत्र होतं. ते उतरवून तिने आईच्या मांडीवर ठेवलं, खिळ्याखाली शिंगं अडकवली आणि एक हिसका दिला. खिळा आला, सोबत मूठभर भिंतही आली. तिने तो बाबांसमोर ठेवला.

"मोजा."

बाबांनी मोजला. समोर ठेवलेली वस्तू न मोजणं त्यांना जमत नाही. "तीन मिलिमीटर वाकडा," ते हळूच म्हणाले.

"ठोकला कोणी?"

"यांनीच," आई म्हणाली. "एकोणीस वर्षं झाली. अंगठ्यासकट ठोकला होता."

"आणि सर्टिफिकेट एकोणीस वर्षं राहिलं ना वर?"

"खिळ्याचं ड्रॉइंग नव्हतं," बाबा म्हणाले.

"चलो. मी उद्या रिछाईला चालली."

"नापास आहे ती, प्रणोती."

"असू द्या. उद्या दुसरी करते, तीही नापास करा. तुमची नेलपॉलिश संपेल, माझं लोखंड नाही संपत."

"तुझी नेलपॉलिश," आई म्हणाली.

बाबांनी खिळा बोटांत फिरवला. माणूस प्रामाणिक, म्हणून नियम लपवता येईना. माल ड्रॉइंगमध्ये बसत नसेल, तर ड्रॉइंग बदलण्यासाठी अर्ज करता येतो, असं ते खिळ्याकडे बघत म्हणाले.

"तुमच्या टेबलावर आजवर किती मंजूर झाले?"

"एकही नाही."

"फॉर्म?"

"साधा कागद. तीन प्रती."

सोमवारी सकाळी बाबांच्या डब्याखाली तीन प्रती होत्या आणि प्रणोती घरात नव्हती.

*प्रति, मा. निरीक्षक, जेवणाचे टेबल. विषय: मध्य हलविणेबाबत. महोदय, सदर हातोडीचे भोक जागेवरच असून उर्वरित हातोडी उजवीकडे सरकल्याचे निदर्शनास आले आहे. सबब, मध्याची जागा पूर्वलक्षी प्रभावाने चार मिलिमीटर डावीकडे निश्चित करण्यात यावी, विद्यमान मध्यास अन्य विभागात सामावून घ्यावे, आणि निर्णय होईपर्यंत अर्जदार ओमती येथील क्लासमध्ये हजर असल्याचे समजण्यात यावे, ही नम्र विनंती.*