एकाच जागी वाजवलेला फणस

"मावशी, एवढी वर्षं तू जे काम केलंस ते सगळं फुकट गेलं का गं?"

विचारलं! माझ्या मैत्रिणींनी, सेलिन आणि क्षितिजाने, पैज लावली होती, की ही काही विचारायची नाही. दहावीची परीक्षा संपल्यापासून मी कुणालाही काहीही विचारू शकते, हे त्या दोघींच्या डोक्यात अजून शिरलेलं नाही. पण माझं विचारून झालं मात्र, सेलिनने माझ्या पायावर पाय दिला.

हेमांगीमावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. ती ताऱ्यांवर काम करते. तारा म्हातारा झाला की फुगून तांबडा होतो; त्याच्या पोटात काय चाललंय, याचं गणित ती कॉम्प्युटरवर मांडते. २००९चा अख्खा एप्रिल तिने आजोळच्या पडवीत बाजेवर पडून काढला. मे लागला तरी पडलेलीच. आई म्हणते, "बघ, एवढं शिकून काय झालं तिचं." हे वाक्य माझ्यासाठी असतं. सायन्स की कॉमर्स हे मला निकालाआधी ठरवायचंय, आणि घरच्यांनी कॉमर्स ठरवून टाकलंय.

"फुकट?" मावशी उठलीसुद्धा नाही. "हो. बरंचसं."

"म्हणजे कसं?"

"आधी तो फणस काप. मग सांगते."

फणस मीच निवडला होता. आजोबा वाजवून बघतात तशी मीही ऐटीत टिचकी मारली, बदबद आवाज आला आणि जाहीर करून टाकलं, पिकलाय! हाताला, कोयत्याला तेल लावून कापला. टिचकी मारलेल्या बाजूचे गरे पिवळेधम्मक. पलीकडची बाजू पांढरीफटक, नुसता चीक.

"वा गं फणसवाली!" क्षितिजा म्हणाली.

"किती ठिकाणी वाजवलास?" मावशीने पडल्यापडल्याच विचारलं.

"एकाच."

मावशी हसली. महिन्याभरात पहिल्यांदा; पण तिचं हसूही दमलेलं होतं. "मीही तेच केलं."

मग ती बोलत राहिली, एकेका वाक्यानंतर थांबत. "तारा सतत थरथरतो. त्याचा उजेड किंचित कमीजास्त होतो. त्यावरून आतला गाभा केवढा, तारा किती जुना, हे काढायचं. फणस वाजवण्यासारखंच, फक्त हात पोहोचत नाही. मी धरून चालले, की असला तारा सगळीकडून सारखाच फुगतो आणि आकसतो. सगळं गणित त्यावर बांधलं. आता वर अवकाशात सोडलेली एक दुर्बीण असले तारे महिनोन्महिने न थांबता बघतेय. ते तसे हलतातच, पण आडवेतिडवेही हलतात. एक बाजू वर, तर दुसरी खाली."

"मग तुझं गणित?"

"पहिल्यापासून. म्हणून पडलेय. कंटाळले नाही गं. दमलेय."

"पण मावशी, दोन प्रकारची थरथर मिळाली, तर आतलं जास्त कळेल ना? आता चार ठिकाणी वाजवता येईल!"

मावशी बाजेवर उठून बसली. माझ्याकडे बघितलं, मग फणसाकडे.

"कळेल. कदाचित पार गाभ्यापर्यंतचं."

"मग सोडणार नाहीस ना?"

"सोडायचं म्हणूनच आले होते." तिने केस वर बांधले. "सोमवारी जाते परत. ते कच्चे गरे टाकू नकोस, आईकडे ने. भाजी चांगली होते त्यांची."

संध्याकाळी फुलपाड्याच्या आमच्या घरात आई तेलाच्या हातांनी ते गरे सोलत बसली. पप्पा कामावरून आले आणि बूट न काढताच खुर्चीत टेकले.

"काय म्हणते हेमा?" आईने विचारलं.

"सोमवारी जातेय कामावर."

"पुन्हा तेच?"

"तेच. पहिल्यापासून."

आईने पप्पांकडे बघितलं. बघितलंत ना, अशा नजरेने. पप्पांनी डोळे मिटूनच विचारलं, "अनु, उद्या येताना त्या कॉमर्सच्या क्लासात विचारून येऊ का गं?"

मला वाटलं होतं, मी हे नाचत सांगेन. पण दोघंही इतकी थकलेली होती, की माझाही आवाज हळूच निघाला.

"नका विचारू, पप्पा. मी सायन्स घेतेय."