अर्ध्या इंचाचा सांधा

नांदुऱ्याच्या रुईच्या प्रेसमध्ये बॉयलरपासून इंजिनापर्यंत साठ फूट नवा पाइप टाकायचा होता. हबीब मिस्त्रीने मॅनेजर रंगरावांना बजावून सांगितलं, "वाफ भरली का हा पाइप सव्वा इंच वाढते जी. मधात तांब्याचा चुण्यांचा सांधा पाह्यजे, तेवढा दबणारा, जाड पत्र्याचा."

रंगरावांनी एका बंद कारखान्यातला जुना सांधा उचलून आणला. हबीबने चुण्यांमधल्या फटी मोजल्या.

"हा अर्धाच इंच दबते. पत्रा पातळ. पाण्याच्या लाइनीचा हाय हा."

"कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या हायेत. बसवतं, का दुसरा मिस्त्री पाहू?"

हबीबने बसवला.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी सांधा फाटला. आवाजाने पत्र्याचं छप्पर थरारलं. खाली पुंजाजी आगवाला कोळसा ओढत होता. पंधरा वर्षं त्याने आणि हबीबने एका भट्टीपुढे काढलेली. हबीब पोतं पांघरून वाफेत घुसला, व्हॉल्व्ह बंद केला, पुंजाजीला दंडाला धरून ओढलं. दंडाची कातडी त्याच्या मुठीत आली. पुंजाजी ओरडलाही नाही. अंगणात आणेस्तोवर गेला होता.

रंगराव धावत आले. सगळ्यांदेखत म्हणाले, "मिस्त्रीनं बोल्ट ढिले ठेवले!"

हबीबच्या हातात पाना होता. पहिला घाव जबड्यावर बसला, दुसरा खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज त्याने ऐकला आणि तिसराही घातला. मग हमाल तुटून पडले. लाथा, कोळशाची फावडी. रक्ताने माखलेल्या रंगरावांना ते फरफटत भट्टीकडे नेऊ लागले. कोणीतरी भट्टीचं दार उघडलं.

"टाका बे याले आतमधी!"

ते लाल तोंड पाहून हबीबने पाना टाकला. तो दारापुढे आडवा झाला. पाठ भाजत होती.

"सोडा त्याले! सांधा मी बसवला. खराब हाय हे मालूम असून, माह्या हातानं बसवला!"

हमालांनी फावडी खाली टाकली. मग पोलीस आले.

रंगराव वाचले, पण उजवा हात कायमचा गेला. हबीबला दोन वर्षांची शिक्षा झाली. अकोल्याच्या जेलात एकदा पुंजाजीची बायको शालूबाई भेटायला आली. गजांपलीकडे उभी राहून तिने विचारलं,

"तुमाले मालूम होतं, तं त्याइले खाली काऊन उभं राहू देलं?"

हबीबने आपल्या मुठीकडे पाहिलं. शालूबाईने पदराने डोळे कोरडे केले आणि ती फाटकाकडे चालू लागली.