बायनाबाई तिवईवर चढली

हैदराबादेहून परळीपर्यंत आगगाडी आणि तिथून धर्मापुरीपर्यंत बैलगाडी, असा प्रवास करून बायनाबाई घरी आली, तेव्हा तिला गाडीतून उतरता येईना. पायाखालची जमीन जागेवर राहत नव्हती. नवऱ्यानं, धोंडीरामानं, तिला दोन्ही हातांनी धरून ओसरीवर बसवलं. बघायला जमलेल्या बायांनी तिच्याकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. डावा गाल खाली ओघळला होता, डावा डोळा मिटत नव्हता आणि कानामागं, केस काढलेल्या जागी, लांबलचक व्रण होता.

त्याआधी वर्षभर त्या कानात रातकिडे ओरडत होते. मग कान बंद पडला, चालताना तोल जाऊ लागला, डोकं फुटेल असं दुखू लागलं. अंगारे झाले, काढे झाले. शेवटी मोमिनाबादच्या सरकारी डॉक्टरांनी हैदराबादेची वाट दाखवली. तिथल्या सर्जनानं कवटी उघडून कानाच्या नसेवरची गाठ काढली.

"गाठ चांगली लिंबाएवढी होती," तो धोंडीरामाला म्हणाला. "यातून पुष्कळ माणसं उठत नाहीत. ही उठली. कान गेला तो गेलाच. तोंड थोडंफार सुधारेल. चालणं मात्र तिच्या हातात आहे."

सासूला, भिवराबाईला, हे पटणारं नव्हतं. तिनं माजघरात सुनेचं अंथरूण घातलं, स्वतःच्या हातानं दूधभाकरी भरवली आणि तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देईना.

"आत्याबाई, मला उठू द्या."

"कावून उठू लागलीस? डोकं उघडलेलं माणूस हाय तू. पडलीस म्हंजे?"

"पडले तर पडले. दवाखान्यातल्या आयानं सांगितलंय, लेटे रहना नक्को, चलते रहना."

"त्या आयाला काय जातंय सांगायला!"

भिवराबाई मायेपोटीच बोलत होती, त्यामुळं तिच्याशी भांडताही येत नव्हतं. बायनाबाईनं भांडण केलं नाही. सासू रानात गेली की ती भिंत धरून उठायची. ओसरी झाली, अंगण झालं, मग गल्ली. पुढं तिनं गावातल्या जुन्या देवळाची वाट धरली. त्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर चहूबाजूंनी दगडात कोरलेल्या मूर्ती होत्या. कुणाच्या खांद्याला, कुणाच्या गुडघ्याला हात लावत ती देवळाभोवती फिरू लागली. दोनदा पडली, कोपर सोललं. धूळ झटकून पुन्हा उठली.

शेजारच्या वत्सलाबाईनं एकदा वाटेत गाठून विचारलं, "कशाचा नवस बोललीस गं?"

"नवस कशाचा? चालायला शिकू लागलेय!"

हळूहळू तिला एकेक उमगत गेलं. नजर एखाद्या हलत नाही अशा वस्तूवर रोवली की जमीनही गप्प राहते. मान वळवली की गरगरतं, पण रोज वळवत राहिलं की कमी गरगरतं. मग तिनं भिंत सोडली. दिवाळीला ती पाण्यानं भरलेली घागर घेऊन घरी आली, तेव्हा भिवराबाई दारातच थबकली आणि बाजूला झाली. संध्याकाळी धोंडीराम तिचा उघडा डोळा कोमट पाण्यानं पुसायचा, मऊ फडकं बांधायचा. अंधार पडला की पाय अजून चुकायचे. ते तिनं मान्य करून टाकलं होतं.

फाल्गुनात ज्वारीची मळणी झाली. भुसात मिसळलेलं धान्य खळ्यावर पडून राहिलं, कारण वाराच नव्हता. एके सकाळी मावळतीकडून वारा सुटला आणि त्याच्यामागून काळे ढगही दिसू लागले. तीन पायांच्या उंच तिवईवर उभं राहून धान्य वाऱ्यावर ओतायचं, भूस उडवायचं, हे उपणणं लगेच व्हायला हवं होतं. धाकटा दीर आश्रुबा तापानं फणफणून घरी पडला होता. बायनाबाई आजारी पडण्याआधी हे काम तिचं होतं. तिच्यासारखं उपणणं आसपासच्या शिवारात कुणाचं नव्हतं.

"मी चढते," ती म्हणाली.

"येड लागलंय का?" भिवराबाई ओरडली. "त्या उंच तिवईवर? धोंड्या, सांग की हिला!"

धोंडीरामानं ढगांकडं पाहिलं, मग बायकोकडं. "तुला वाटतंय का, जमंल?"

"जमंल का न्हाई ते वर गेल्यावर कळंल. तुमी पाटी भरून द्या."

पदर तिनं उघड्या डोळ्यावरून घट्ट ओढून बांधला, म्हणजे कुसळ जाणार नाही. पण एक डोळा झाकल्यावर शिवार निम्मंच उरलं. तिवईचे पाय कुरकुरले. वर उभी राहून तिनं पहिली पाटी डोक्याच्या वर उचलली आणि आभाळ, ढग, खळं सगळं एकदम फिरलं. खालून भिवराबाईची किंकाळी आली. बायनाबाईनं बांधावरच्या कडुलिंबाच्या बुंध्यावर नजर खिळवली, पायांची बोटं फळीत रुतवली आणि श्वास रोखला. लिंब थांबला. मग शिवारही थांबलं.

तिनं पाटी कलती केली. ज्वारी सरळ धारेनं खाली पडली आणि भूस वाऱ्यावर पिवळं होऊन लांब उडालं.

"दुसरी द्या!"

धोंडीराम पाटी देत राहिला. शेजारच्या खळ्यांवरची माणसं हातातलं काम टाकून येऊन उभी राहिली. तिवईखाली पांढरीशुभ्र रास वाढत गेली. दुपारी वत्सलाबाईनं भाकरी आणली, तर बायनाबाई खाली उतरेना. "वारं हाय तवर भूक न्हाई!" ती वरूनच म्हणाली आणि हसली. अर्ध्याच तोंडानं हसली, पण सगळ्यांसमोर, मोठ्यानं. आज कुणी पदर तोंडाला लावला नाही.

पहिले थेंब पडले तेव्हा रास घोंगड्यांखाली झाकून झाली होती. भिवराबाई तिवईपाशी येऊन हात वर करून उभी राहिली.

"सरका आत्याबाई, माझी मी उतरते."

ती उतरली. भिवराबाईनं तिच्या केसांतलं भूस झटकलं, ओंजळभर नवी ज्वारी तिच्या पदरात टाकली आणि जमलेल्या लोकांकडं वळून म्हणाली, "बघितली का माझी सून!"

दोन दिवसांनी ढग पांगले आणि मोहनराव पाटलांची गाडी दाराशी आली. पाटलांच्या खळ्यावर उपणायला बोलावणं होतं. बायनाबाईनं चुलीवरचा तवा उतरवला, डोळ्यावर बांधायचं फडकं खांद्यावर टाकलं आणि कुणाचा हात न धरता गाडीत चढली.

"राहिलेल्या भाकरी तुमी थापा," तिनं धोंडीरामाला सांगितलं. "अन् दुपारी खळ्यावर घेऊन या, लई लांब न्हाई!"