शिंपीकाकांच्या खुर्चीची फळी

फळी माझ्या सुट्टीत बसली. आईचं दुखणं काढून मी वृद्धाश्रमात कामावर परत आले, तर शिंपीकाकांच्या खुर्चीला पुढून आडवी फळी आणि दोन्ही बाजूंना कड्या.

"त्यांच्याच सुरक्षेसाठी," मॅनेजरबाई म्हणाल्या. "सारखे उठतात. पडले तर निस्तरणार कोण?"

सारखे उठतात म्हणे. डायपर नको म्हणतात आणि स्वतःच्या पायांनी संडासला जातात, एवढाच काय तो त्या माणसाचा गुन्हा.

त्याच दुपारी जेवणघरात आमचं प्रशिक्षण होतं, वृद्धांच्या हक्कांचं. शिकवायला आलेले सर बोलायला मोठे गोड. लॅपटॉपसाठी जागा शोधली आणि ठेवला कुठे, तर तिथेच बसवलेल्या काकांच्या फळीवर. मला वाटलं, आता तरी ह्यांना दिसेल. कसलं काय. पडद्यावर एकेक शब्द येत गेला. छळ. हेळसांड. संमती. मग 'जखडून ठेवणं'.

"दोरीच लागते असं नाही," सर म्हणाले. "माणसाला हवं तेव्हा उठता येत नसेल, तर तेही जखडणंच. तुमच्याकडे आहे असं काही?"

"छे, छे," मॅनेजरबाई म्हणाल्या. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

काका हळूच म्हणाले, "मला जायचंय."

"पाच मिनिटं, काका. एवढं संपू दे," सर म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठले, लॅपटॉप सरांच्या हातात कोंबला आणि कड्या काढल्या.

"नोकरी जड झाली वाटतं," मॅनेजरबाई म्हणाल्या.

"झालीय," मी म्हटलं. "काढा."

काका भिंतीला धरून निघाले. मी मागून, हात न लावता. वेळेत पोचले. परत येऊन खुर्चीत बसले आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी स्वतःच फळी पुढ्यात ओढली. एक कडी लावली. दुसरी त्यांच्या बोटांना सापडेना.

"तुला बोलणी खावी लागतील, पोरी," ते म्हणाले. "एवढी लाव."

मी फळी काढली आणि सरांच्या पायाशी टाकली.

"एक शब्द राहिला तुमचा," मी म्हटलं. "माणूस आपल्याच हातानं कडी लावायला लागतो, त्याला काय म्हणतात?"

सरांनी फळीकडे पाहिलं. मग लॅपटॉप मिटला.