कोरडी चादर

“आबांचं उरकलं का?”

त्या घरात रोज सकाळी चहाच्याही आधी हा प्रश्न व्हायचा. आई स्वयंपाकघरातून विचारायची आणि बाबा आतल्या खोलीतून ओरडायचे, “उरकतोय!”

उरकणं म्हणजे पांघरूण ओढायचं, कुशीवर वळवायचं, पुसायचं, कपडे बदलायचे. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं हे सगळं बाबा स्वतःच्या हातांनी करत आणि मग धावतपळत ऑफिस गाठत. त्यांना नावं ठेवायला जागा नव्हती. फक्त हात चालत असताना तोंड बंद असायचं, नाहीतर फोनवर असायचं.

आबा जुने शिंपी. अर्धांगवायूनं एक बाजू गेली, बोलणं जड झालं, पण कळत सगळं होतं. उभ्या जन्मात त्यांनी “हात जरा वर करता का?” असं विचारल्याशिवाय कुणाच्या अंगाला टेप लावली नव्हती. आता त्यांचाच हात कुणीही येऊन वर करत होतं.

घरात भांडण मात्र वेगळंच पेटलं. नातीनं, म्हणजे सतत प्रश्नांची भुणभुण लावते म्हणून जिला सगळे भुंगी म्हणत तिनं, शाळेत ‘आरोग्य आणि शुश्रूषा’ हा विषय घेतला. परावलंबी माणसाला कसं वाटतं ते कळावं म्हणून वर्गात मुलं डोळे बांधून एकमेकांच्या हातून घास खातात, हे ऐकल्यावर तर बाबांच्या डोक्यात तिडीकच गेली.

“एवढे चांगले मार्क, आणि शिकणार काय, तर लोकांची ढुंगणं पुसायला? त्याला शाळा कशाला लागते? मी करतोच की रोज! उद्या येतो आणि तुझा विषय बदलून घेतो.”

दुसऱ्या दिवशी ते खरंच शाळेत गेले. हा विषय शिकवणाऱ्या बाई पूर्वी परिचारिका होत्या. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

“तुम्ही वडिलांचं खूप करता, भुंगी सांगते. करताना बोलता का त्यांच्याशी?”

“त्यात बोलायचं काय? पटकन उरकलं की त्यांनाही बरं.”

“काम उरकतं हो, माणूस कसा उरकेल? तुम्हाला कुणी न विचारता असं उलटंपालटं केलं, तर चालेल?”

बाबा हसले. “बाई, हे पुस्तकात ठीक. उलट हल्ली आबांचा त्रासच राहिला नाही. सकाळी बघावं तर चादर अगदी कोरडी!”

बाईंचा चेहरा उतरला. शेजारी उभी असलेली भुंगीही दचकली.

“कोरडी?” बाईंनी विचारलं. “पाणी किती पितात ते?”

रोज अंग पुसणाऱ्या मुलाला बाप पाणी किती पितो, हे ठाऊक नव्हतं! बाई म्हणाल्या, “विषयाचं नंतर बोलू. आधी घरी जा.”

बापलेक तडक घरी आले. आबांच्या उशाशी सकाळचा पेला भरलेला तसाच होता. भुंगी खाटेजवळ बसली.

“आबा, तुमचा हात बघू का?”

आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तिनं हाताची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली; अंगातलं पाणी आटल्याची ही खूण तिला वर्गात शिकवली होती. ओठांना भेगा पडल्या होत्या.

“आबा, पाणी का नाही पीत तुम्ही?”

आबांनी बराच वेळ शब्द जुळवले.

“प्यालं... की... उरकावं लागतं. तुझ्या बापाला... उशीर होतो.”

दारात उभ्या असलेल्या बाबांनी उशाशी भरलेल्या पेल्याकडे पाहिलं. अरेरे! ज्याला ते आराम समजत होते, ती बापाची तहान होती!

आबांना लगेच दवाखान्यात हलवलं. सलाईन लागलं, पण मूत्रपिंडांनी हात टेकले होते. बाबा रजा टाकून खाटेशेजारी बसून राहिले.

“आबा, तोंड पुसू का?” आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी असं विचारलं.

आबांनी मुलाकडे मान वळवली. मग म्हणाले, “पूस.”

त्यानंतर बाबा प्रत्येक गोष्ट विचारून करू लागले. पाणी देऊ? कूस वळवू? इथे दुखतं का? पण विचारायला आता दिवसच थोडे उरले होते. एका सकाळी पाण्याचा चमचा ओठांशी नेला, तर आबा गेलेले होते.

दिवसकार्य आटोपल्यावर बाबा पुन्हा शाळेत गेले. भुंगीला वाटलं, विषय बदलायला आले. ते वर्गासमोर उभे राहिले.

“मुलांनो, माझे वडील माझ्या डोळ्यांदेखत तहानलेले राहिले. मी त्यांना रोज स्वच्छ करत होतो आणि मला कळलं नाही. माझ्या लेकीला कळलं, कारण तिनं विचारलं. हा विषय मन लावून शिका. मी शिकलो नव्हतो.”

बाईंनी त्यांना खुर्ची दिली. ते तास संपेपर्यंत तिथेच बसून ऐकत राहिले.

मित्रहो, सेवा म्हणजे नुसती स्वच्छता नव्हे. परावलंबी झालेल्या माणसालाही होकार-नकार असतो, लाज असते, आणि आपल्याला त्रास नको म्हणून तो स्वतःचे हाल सोसतो. आपल्या घरात असं कुणी असेल, तर हात लावण्याआधी त्यांना विचारा. ते पाणी पितात का, ते बघा. आणि पीत नसतील, तर का, हे समोर बसून विचारा. उत्तर ऐकणं जड जाईल, तरी विचारा.