घशातलं नको, छातीतलं हवं

सुनेने सासूला चारचौघांत थुंकायला लावावं, हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. आमच्या सुनेने ते एकदा नाही, दोनदा करून दाखवलं.

मला तीन आठवडे खोकला होता. आमचा गाद्या भरायचा धंदा, कापूस नाकातोंडात जायचाच, त्यात नवल ते काय. पण सून दवाखान्यात तपासणीच्या खोलीत कामाला. तिने घरात कायदा लावला: क्षयाची तपासणी होईपर्यंत नातीला घ्यायचं नाही. पाच महिन्यांची पोर, माझ्या मांडीशिवाय झोपायची नाही. तिला सांभाळायला सुनेने बोलावलं कोणाला, तर स्वतःच्या आईला. विहीणबाई दोन बॅगा घेऊन उतरल्या. चार दिवसांसाठी कोणी दोन बॅगा आणत नाही. मीही हट्टाने आठ दिवस तोंड फुगवून बसले. नात त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघायची.

शेवटी मुलाला बरोबर घेऊन तपासणीला गेले. गेले ती तयारीने गेले. दोनदा दात घासले, लवंग चघळली, भरपूर चुळा भरल्या. दवाखान्यात हातात डबी मिळाली. बाकावर पाच-सहा माणसं. मी रुमाल आडवा धरला आणि अलगद डबी भरली, पाण्यासारखी स्वच्छ. सुनेच्या हाताखालची माणसं बघणार, घराण्याचं नाव खाली जायला नको.

सुनेने डबी उजेडात धरली आणि माझ्या हातात परत ठेवली. ही नुसती थुंकी आहे म्हणाली, बेडका हवा, छातीतला. बाकावरचा एकजण हसला. मी तरातरा बाहेर आले. चप्पल घालतेय, तोच खिडकीतून मुलाचा आवाज आला. बायकोला समजावत होता, तीच डबी लाव मशिनला, काही निघणार नाही, आई खूश, पोर आईच्या मांडीवर.

सून म्हणाली, "काही निघणार नाही, हीच तर भीती आहे. आजार असला तरी यात दिसायचा नाही. खोटा कागद हातात देऊन आईंना घरी पाठवू?"

मी चप्पल काढली आणि आत गेले.

तिने मला मागच्या मोकळ्या अंगणात नेलं. खोल श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा, असं दोनदा करायला लावलं, मग पोटातून खोका म्हणाली. मी जी खोकले, कुंपणावरचा कावळा उडाला. डबीत पडलं ते बघून सुनेचा चेहरा असा फुलला, जसा मी तिला दागिनाच दिला.

पूर्वी म्हणे डबी शहरात जायची आणि उत्तर यायला आठवडा लागायचा. आता धान्याच्या डब्याएवढं मशिन तिच्या टेबलावरच असतं, बॅटरीवर चालतं आणि दीड-दोन तासांत सांगतं, तेही फुकट. पण ते दोन तास काही सरेनात. बसले होते नेमकी त्या हसऱ्या माणसाशेजारी. विहिणीच्या बॅगा आठवत होत्या, पण ते वरवरचं. आत एकच घोकत होते: खोकला सुरू झाला तेव्हा पोर माझ्याच कुशीत होती. तिला दिला असेल तर?

सून कागद घेऊन आली. "क्षय नाही, आई."

डॉक्टरांनी छाती ऐकली, कापसाची धूळ म्हणाले, औषध दिलं आणि कामावर नाकातोंडाला फडकं बांधायला सांगितलं. हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होते, पण माझं ऐकतो कोण.

घरी आल्यावर नात मांडीवर आडवी झाली आणि माझं बोट धरून झोपली. विहीणबाई बॅगा भरू लागल्या. मी त्यांना जेवून जायला सांगितलं, अगदी मनापासून. सून हात धुऊन आली, तिला समोर बसवलं.

"तुला मोठ्यांचा मान ठेवता येत नाही, हे मी सगळ्या गल्लीला सांगणार आहे. पण यापुढे माझी तपासणी तूच करायची. दुसऱ्या कोणी ती डबी गोड मानून घेतली असती."